गौराक्का बोलते तेव्हा

सोलापूर,
६ जानेवारी २०२४

चि. सई हिस,

अनेक आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकतो, कारण पुढच्या मजकुरात त्यांना जागा मिळेलसं वाटत नाही.

पत्र्याच्या पलीकडून येणारा एक आवाज माझ्या कानात अजून आहे. शाळेत माझी सातवी आणि तुझ्या लीलाआजीची चौथी, दोन वर्गांच्या मध्ये नुसता पत्रा. मधल्या सुट्टीनंतर ती कविता घ्यायची. आधी टेबलावर बोटांचा ठेका. मग तिची एक ओळ. मग सगळ्या चौथीची तीच ओळ, इतकी मोठ्यांदा की पत्रा थरथरायचा. कणसावर दवाचा थेंब बसलाय आणि पारव्याला तो मोती वाटतोय, अशी काहीतरी ती कविता. माझी सातवी माना खाली घालून ओठ हलवायची. मीही फळ्याकडं तोंड करून हलवायचो. प्रयोगाचे प्रकार तसेच फळ्यावर सुकत राहायचे. कवितेचा तास कसा असावा, तर शेजारच्या वर्गातलं व्याकरण बंद पडावं असा. हल्लीच्या शाळांत कविता मुकाट्यानं वाचून प्रश्नांची उत्तरं लिहितात म्हणे. मुकाट्यानं!

तर, मुकाट्यानं या शब्दावर येतो.

काल समोरची सोनाली मोबाइल घेऊन आली. आपल्याच जुन्या शाळेत शिकवते ती. म्हणाली, "काका, लीलाकाकूंना बघा, लोकं नुसती वेडी झालीत." बघितलं. 'गौराक्काची खानावळ' या मालिकेतले तुकडे कापून तू एका गाण्यावर बसवलेस. १९८७ सालची मालिका, लीलानं आयुष्यात पडद्यावर केलेलं एकच काम. ती कुणीतरी कुठल्यातरी फडताळातून काढून इंटरनेटवर टाकली, हा पहिला अपराध. तो तुझा नाही. पुढचे सगळे तुझे.

गाणं कसलं ते? कुणीतरी पिंपं बडवतंय आणि मधून मधून एक मुलगा कण्हतोय. आणि त्याच्यावर माझी बायको. भाकरी थापतेय, पोरांना वाढतेय, हातवारे करून भांडतेय. तोंड सारखं हलतंय आणि आवाज नाही! पिंपावर एक दणका बसला की तिचं तोंड उघडतं, दुसरा बसला की मिटतं. काचेच्या पेटीतला मासा बघितला आहेस ना? तसा. शंभरदा बघितलं तरी ती काय म्हणतेय ते कुणाला कळायचं नाही.

लीला मोहोळकरला गप्प बसवायची हिंमत मुख्याध्यापकांना झाली नाही, मला झाली नाही, इन्स्पेक्टरला झाली नाही. ती तू दाखवलीस, पुण्यात एका खुर्चीवर बसून. तुझी सख्खी आजी असती तर केलं असतंस? की चुलतआजी स्वस्त पडते?

ते काढून टाक. आजच्या आज. आणि फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं तुम्ही मुलं गिळता, आणि भांडण मध्येच तुटतं. भांडायचं तर कागदावर भांड.

तुझा,
गंगाधरआजोबा


पुणे,
१४ जानेवारी २०२४

ती. आजोबांस,
सा. नमस्कार.

कागद आणला, पाकीट आणलं, पोस्ट ऑफिस कुठंय ते विचारत गेले. आता भांडते.

'चुलतआजी स्वस्त पडते' हे तुम्ही लिहायला नको होतं. मी ते आईला वाचून दाखवलं नाही, कारण तिनं तुम्हाला फोन केला असता. लीलाआजीनं मला कडेवर घेऊन भाकरीचा पहिला पापुद्रा भरवलाय. ती टीव्हीत होती हे मला घरातल्या एकाही माणसानं कधी सांगितलं नाही. तुम्हीसुद्धा नाही! मला ते एका अनोळखी मुलीच्या मेसेजमुळे कळलं. 'या बाईचं आडनाव तुझंच आहे,' म्हणून तिनं लिंक पाठवली. मी ऑफिसात बसल्याबसल्या उठून उभी राहिले. मग तेरा भाग सलग बघितले. ज्याचं प्रेम वाटतं त्याचेच असे व्हिडिओ करतात, आजोबा. कुणी फुकट महिनाभर डोळे फोडून घेत नाही.

आता ओठांचं. तुम्हाला काय वाटलं, मला कळत नाही? आमच्यात, असे व्हिडिओ करणाऱ्यांत, पहिल्याच दिवशी शिकवतात की बोलणाऱ्या माणसाची क्लिप घ्यायची नाही. गाणं चालू असताना पडद्यावर कुणी बोलायला लागलं की बघणारा गाणं सोडतो आणि ओठांवरून शब्द शोधत बसतो. म्हणून बघताना, वळताना, दार उघडतानाच्या क्लिपा घ्यायच्या. घेतल्या असत्या! पण गौराक्का तोंड मिटलेली सापडायला नको? ती पीठ मळताना बोलते. पैसे मोजताना बोलते. नवऱ्याची वाट बघतानासुद्धा त्या रिकाम्या रस्त्याशी बोलते. रडते त्या सीनमध्ये मला वाटलं आता तरी मिळेल, तर हुंदक्याच्या मध्येच ती शेजारणीला मीठ कमी पडल्याचं सांगतेय. मी तिचे नुसते हात घेऊन बघितले, पाठमोरी घेऊन बघितली. ती लीलाआजी वाटेचना. शेवटी म्हटलं, नियम गेला खड्ड्यात, बोलू दे तिला. आणि ओठ ठेक्यावर बसवले ते थट्टा म्हणून नाही. ती गातेय असं वाटावं म्हणून.

तरीपण तुमचं एक म्हणणं पटलं. तोंड हलतंय आणि आवाज नाही, हे वाईटच. म्हणून व्हिडिओ काढला नाही, पण बदललाय. आता तीन ठिकाणी गाणं खाली जातं आणि गौराक्का स्वतःच्या आवाजात बोलते. मूळ मालिकेतले संवाद, जसेच्या तसे. शेवटी तर गाणं पूर्ण थांबतं आणि फक्त ती. आज सकाळी सोनालीमावशींना पाठवलाय. खाली लोकांनी काय लिहिलंय तेही वाचून घ्या त्यांच्याकडून. 'काय आवाज आहे बाईंचा!' असं किती जणांनी लिहिलंय.

आता तरी एक शाबासकी द्या. नसेल द्यायची तर निदान रागवायचं थांबा.

तुमची,
सई


सोलापूर,
२१ जानेवारी २०२४

सई,

तो आवाज लीलाचा नाही.

परत लिहितो, नीट वाच. ते ओठ लीलाचे आहेत. तो आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा आहे. आणि तो तू माझ्या घरात आणलास, सोनालीनं कौतुकानं मोठा करून ऐकवला, आणि मी त्या मुलीच्या हातातला मोबाइल हिसकावून गादीवर फेकला. तिची माफी मागून झाली. तुझी मागणार नाही.

घरात कुणी तुला सांगितलं नाही, कारण आम्ही तो विषय गाडून टाकला होता. आता तूच उकरलास तर ऐक.

मालिकावाले इथं जागा बघायला आले होते. कुणीतरी त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनाला आणून बसवलं. लीला पडद्यामागून पोरांना दटावत होती, "अरं आधी नाक पुस की, राजा हायस तू, राजाचं नाक वाहतंय व्हय?" दिग्दर्शक हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. म्हणाला, हीच माझी गौराक्का. म्हणजे बघ, निवडली ती बोलण्यासाठी. माझी बायको वर्गात प्रमाण भाषा शिकवायची आणि वर्गाबाहेर माहेरचं मंद्रूप बोलायची, आणि दोन्हींत तिची कधी टक्कर झाली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत शूटिंग झालं. घरी आली की पुन्हा सगळे संवाद मला म्हणून दाखवायची. आमटी करपायची.

पहिला भाग लागला तो रविवारी सकाळी. आमच्याकडं टीव्ही नव्हता; शेजारी गुरुबसप्पांच्या सोप्यात सगळी गल्ली जमली. लीला नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. पडद्यावर तिचं तोंड उघडलं आणि आतून दुसरीच बाई बोलली. धुतलेली, इस्त्री केलेली भाषा. "बसा ना, भाऊ. जेवून घ्या ना." गिरणी कामगारांची खानावळवाली म्हणे! सोप्यातली माणसं वळून लीलाकडं बघायला लागली. एक पोर तेवढं म्हणालं, "बाई, ह्ये तुमी न्हाय." लीला हसली. शेवटपर्यंत बसली, सगळ्यांना पेढे दिले, घरी आली आणि तिन्हीसांजेपर्यंत भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी.

मी ट्रंककॉल लावून त्या दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला, "सर, तुमचं हाय-न्हाय सगळीकडे चालत नाही हो. वरून सांगितलं, बदला. बाईंना सांगायचं राहून गेलं." राहून गेलं! मी फोनवर काय बोललो ते मराठीच्या शिक्षकानं लिहू नये.

आता पुढचं. दुसऱ्या रविवारी मी म्हटलं, जायचं नाही. ती म्हणाली, "जायचं की. माझं तोंड हाय त्ये." गेली. गाणं संपलं, पाट्या संपल्या, तशी उठली, टीव्हीच्या आवाजाची कळ पार शून्यावर नेली, आणि पेटीच्या बाजूला उभी राहून स्वतः बोलायला लागली. पडद्यावर ओठ हलतायत आणि शेजारी ती बोलतेय, ओठांशी ओठ जुळवून. गौराक्काचं सगळं, पाठ होतंच तिला. दुसरी पात्रं काय म्हणाली तेही मध्ये मध्ये सांगायची, त्यांची नक्कल करून. गुरुबसप्पा मांडी ठोकून म्हणाले, "अक्का, तू बोल. ती पेटी गप बसू दे!" मग सगळे रविवार तसेच. शेवटी शेवटी तर दुसऱ्या गल्लीतली माणसं यायची, ज्यांच्या घरी टीव्ही होता ती. टीव्हीला घरी बोलता ठेवून इकडं मुका बघायला!

आता कळलं का? तुझा पहिला व्हिडिओ बघितला तेव्हा लीलाचं तोंड उघडलं, आवाज आला नाही, आणि मी सवयीनं डावीकडं बघितलं. पेटीच्या डाव्या बाजूला उभी राहायची ना ती. डावीकडं खुर्चीवर माझा टॉवेल वाळत होता.

मी त्या पत्रात मुकी केलीस म्हणून ओरडलो. तू काय केलंस, तर तिला मुकी करणाऱ्यांचं काम पुन्हा लोकांपुढं मांडलंस, आणि लोक टाळ्या वाजवतायत, काय आवाज आहे बाईंचा.

ते आधी बंद कर. मग माझ्याशी बोल.

गं. मोहोळकर


पुणे,
३० जानेवारी २०२४

ती. आजोबा,

तुमचं पत्र मिळालं त्याच मिनिटाला दुसरा व्हिडिओ काढला. पहिला, मुका, परत लावला. आता तो मला बरोबर वाटतो. तुम्हाला वाटत नसेल तर सांगा, तोही जाईल. तुमच्या एका शब्दावर जाईल.

मला खूप राग आलाय. तुमचा नाही. म्हणजे थोडा तुमचाही, की हे सगळं मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत. पण खरा राग त्या लोकांचा. 'सांगायचं राहून गेलं' हे वाक्य मी ऑफिसात जेवताना सगळ्यांना सांगितलं आणि सांगता सांगता डबा बंद करून ठेवला.

मी गप्प बसले नाही. व्हिडिओच्या खाली सरळ लिहिलंय. लीला मोहोळकर, सोलापूर, अमुक शाळेच्या शिक्षिका, या बाईंचा आवाज त्यांना न विचारता कापला आणि दुसरीचा चिकटवला, ही चोरी आहे, आणि चोर कोण ते कुणाला माहीत असेल तर सांगा. आजोबा, वणवा पेटलाय. माणसं त्या आवाजवालीला इतक्या शिव्या घालतायत की मला वाचवत नाहीत. एकानं लिहिलंय, ती जिवंत असेल तर तिनं लाजेनं मरावं. ते मात्र मी काढून टाकलं.

एक गोष्ट विचित्र आहे. तिचं नाव सापडत नाही. मी मालिकेच्या पाट्या थांबवून थांबवून वाचल्या. चहा देणाऱ्याचं नाव आहे, बैलगाडीच्या मालकाचं आहे. हिचं कुठंच नाही.

आता महत्त्वाचं. लीलाआजीचा आवाज कुठंतरी असेलच ना? स्नेहसंमेलनाची कॅसेट, एखाद्या लग्नाचं शूटिंग, जुना मोबाइल? एक वाक्य चालेल. अर्धं चालेल. त्या व्हिडिओत शेवटी ती दाराकडं बघून काहीतरी म्हणते, तिथं मी गाणं थांबवून जागा रिकामी ठेवलीय. आवाज मिळाला की तिथं बसवते. मी ओठांशी बरोब्बर जुळवेन, केसभर हलणार नाही. सगळी कपाटं शोधा. मी येऊ का शोधायला?

तुमची,
सई


सोलापूर,
८ फेब्रुवारी २०२४

चि. सई,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

'चोर' लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. सोनालीकडून सगळ्या शिव्याही वाचून घेतल्या. ती वाचताना लाजत होती, मी म्हटलं, थांबू नकोस. तू काढून टाकलीस ती पण ऐकायला आवडली असती. माणूस म्हातारा झाला की सौम्य होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

आवाज नाही. संमेलनाची एक कॅसेट होती. लीला गेल्यावर मी ती रोज लावायचो, इतकी की एके दिवशी यंत्रानं फीत खाल्ली. सावरायला गेलो तर बोटांत तुकडे आले. लग्नाच्या शूटिंगांवर बँडबाजा आहे. मोबाइलवर बोलायला तिला आवडायचं नाही. "समोर ये की, मग बोलू," म्हणायची. सगळी कपाटं शोधली. तुझ्या पत्राआधीच शोधली होती, दर दिवाळीला शोधतो.

आणि आता एक सांगतो. पहिल्या पत्रात तुला लिहिलं की पत्र्यापलीकडचा आवाज कानात आहे. पोरांचा आहे. ठेक्याचा आहे. चाल आहे, शब्द आहेत, पत्र्याचं थरथरणंसुद्धा आहे. पण पोरांच्या आधी तिची जी एक ओळ यायची, तिथं आता काही येत नाही. तुझ्या व्हिडिओतल्यासारखी जागा रिकामी. खूप ताणून आठवायला गेलो तर तिथं कोण येतं, ठाऊक आहे? ती. इस्त्रीवाली. "बसा ना, भाऊ." माझ्या बायकोची आठवण काढायला बसलो की त्या बाईच्या आवाजात येते. मालिकावाल्यांनी टीव्हीतला आवाज बदलला होता. माझ्या डोक्यातला बदलायला काळ लागला, पण तोही बदलला.

म्हणून म्हणतो, तिला सोडू नकोस. नाव काढ. मेली असली तरी काढ. कुण्या गावची, कुणाच्या

थांब, दार वाजतंय. सोनाली असेल.

सोनाली नव्हती. सई, अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून वाच.

दार उघडायच्या आधीच बाहेरून आवाज आला, "मोहोळकर सरांचं घर हेच ना?"

म्हातारा झालेला, थोडा फाटलेला, पण तोच. मी कडी काढली आणि एवढंच म्हणालो, "तू!" अनोळखी बाईमाणसाला, एकेरी.

सत्तरीची असेल. पांढरं पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. "हो, मीच," म्हणाली. "तुमच्या नातीनं चोर म्हटलंय ती. शाळेत विचारलं, तिथल्या एका बाईंनी घर दाखवलं. मी मीना कांबळे. मीनाबाई म्हणतात."

"निघा इथून," मी म्हणालो.

"निघते. चहाला न्हाय आले मी."

मला वाटलं, आमच्याकडच्या बोलण्याची नक्कल करतेय. मी दार लोटायला हात पुढं केला. ती जागची हलली नाही.

"माढ्याची हाय मी, सर. शुद्ध बोलायचं पोटासाठी शिकले. आधी त्या लोकांनी माझ्या तोंडातनं माझं बोलणं काढलं, मग माझ्या तोंडानं तुमच्या बाईंचं काढलं. पाट्यांत माझं नाव द्या म्हटलं तर म्हणाले, आवाजाला कसलं नाव? तुमी शिव्या घाला, मी ऐकून जाईन. पण आवाज कसा बदलत्यात ते ठाऊक हाय का तुमाला?"

दार लोटायला पुढं केलेला हात मी कडीवर ठेवला.

"अंधारी खोली असती. पडद्यावर बाईंचे ओठ, आणि कानाला लावलेल्या यंत्रात त्यांचा आवाज. शूटिंगच्या टायमाचा, खरा. त्यो ऐकत ऐकत, त्याच्या मागोमाग आपुन बोलायचं. एकेक वाक्य वीस-वीस येळा. तेरा भाग मी त्या बाईला कानात घालून बसले, सर. काम झाल्यावर त्यांनी त्या टेपा पुसल्या. पण माझ्या कानातलं कसं पुसतील?"

पिशवी तिनं पायरीवर ठेवली. माझ्याकडं न बघता समोरच्या भिंतीकडं बघितलं, जणू तिथं पडदा लावलाय. डावा हात कानावर नेला. आणि म्हणाली,

"बस की रं खाली! उभ्यानं जेवतोस, भाकरी पायात जाती. माझ्या खानावळीत कुणी उपाशी उठायचं न्हाय, आन् कुणी गप बसून जेवायचं न्हाय!"

सुरुवातीच्या शब्दांना म्हातारीचा घसा होता. 'भाकरी'पासून नव्हता. आणि त्या शेवटच्या 'न्हाय'ला लीला आवाज जरा वर नेऊन सोडायची, तिथं तिला स्वतःचंच हसू यायचं. ते हसू मी विसरलो होतो, सई. मी विसरलो होतो हेही विसरलो होतो. ते तिथंच होतं.

माझा राग गेलेला नाही, हे सांगून ठेवतो. या बसा म्हणायचंही सुचलं नाही. ती उंबऱ्याच्या बाहेर, मी आत, कडी माझ्या हातात.

"पुन्हा म्हणा," मी म्हणालो.